आभाळ आधी राखा, शेत मागून उजळा



भातलावणीचा फोटो काढला की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. ढग सुरेख येतात, पण लावणी करणाऱ्या बाया काळ्या पडतात. नाहीतर बाया दिसतात आणि आभाळ पांढरंफटक होतं. हाच फोटो उद्या गटाच्या तांदळाच्या पाकिटावर जायचा असेल तर? जिनं राबून पीक आणलं, तिचाच चेहरा दिसायला नको का?

आपला डोळा उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काळोखात दडलेलं बरंचसं वर काढता येतं, पण पार पांढरं झालेलं आभाळ परत आणता येत नाही. उतू गेलेलं दूध गेलंच. पातेल्याच्या तळाशी राहिलेलं मात्र वाढून घेता येतं.

तेव्हा फोटो काढताना पडद्यावर आभाळावर बोट टेकवा. ढग नीट दिसू लागतील, शेत थोडं काळसर होईल. होऊ द्या. फोनमध्ये एचडीआर असेल तर चालू ठेवा. त्यात फोन कमी-जास्त उजेडाचे फोटो घेऊन त्यांचा एक करतो.

मग फोटो एडिटमध्ये उघडा. गूगल फोटोज किंवा स्नॅपसीड, दोन्ही चालतील. ‘हायलाइट्स’ ही पट्टी थोडी कमी करा, म्हणजे ढगांचा आकार उठून दिसेल. ‘शॅडोज’ हळूहळू वाढवा, म्हणजे शेत आणि माणसं उजळतील. सुरुवातीला 30-40 च्या पुढे जाऊ नका. फार ओढलं तर सावलीत रवाळ ठिपके येतात आणि चित्र खोटं वाटतं. तरीही चेहरा काळाच राहिला, तर स्नॅपसीडमधल्या ‘सिलेक्टिव्ह’ने चेहऱ्यावर ठिपका ठेवा आणि तेवढाच भाग उजळा.

मूळ फोटो पुसू नका, बदललेला वेगळा जतन करा. आणि पीकविम्यासाठी किंवा पंचनाम्यासाठी काढलेल्या नुकसानीच्या फोटोला मात्र अजिबात हात लावू नका. तो पुरावा आहे, जसा आहे तसाच द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या शेताचा असा एक फोटो आणा. ढगही दिसू देत आणि आपली माणसंही.