वही हाक मारत नाही

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख करून देताना आत्ताच सांगितलं गेलं, 'घर, बाग, मुलं सांभाळून ही लिहितेसुद्धा!' कौतुक ऐकून बरं वाटलं. पण त्या 'सुद्धा'ने मला वर्षभर छळलं आहे. आज त्याबद्दलच बोलते.

आमच्या गल्लीत एक आजी होत्या. १९७२ च्या दुष्काळात तान्ह्या मुलाला झोळीत टाकून त्या सरकारी कामावर खडी फोडायला जात. गेल्या उन्हाळ्यात चार दुपारी त्या माझ्याजवळ बसून बोलल्या. सोललेल्या हातांबद्दल, मुकादमाबद्दल, तिथे मिळणाऱ्या सुकडीबद्दल. मी टिपणं काढली. म्हटलं, जूनपर्यंत लेख पुरा करीन आणि आधी त्यांनाच वाचून दाखवीन.

मे महिन्यात गच्चीच्या गळतीचं काम निघालं. गवंडी येणार, तेव्हा घरात कुणीतरी हवं. ते 'कुणीतरी' म्हणजे मी. मग पाऊस पडला. दोडका, कारली लावायची ती तेव्हाच. बियांना आठ दिवस थांबा म्हणता येत नाही. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धाकटीची चाचणी परीक्षा, गौरी-गणपती, दिवाळीआधी घराला रंग. यातलं एकही काम खोटं नव्हतं. मातीत हात घातला की माझं डोकं शांत होतं, तेव्हा बागेला मी जाच म्हणणार नाही. पण रोप सुकतं, छत गळतं, मूल रडतं. वही मात्र हाक मारत नाही. म्हणून रोज तीच मागे पडली.

दिवाळीनंतर आजी गेल्या. टिपणांत त्यांच्याबरोबर खडी फोडणाऱ्या चार बायकांचा उल्लेख आहे. समासात मी लिहून ठेवलंय, 'नावं नंतर विचारणे'. आता कुणाला विचारू?

लिहू नकोस, असं घरात कुणीच कधी म्हटलं नव्हतं. 'रात्री लिही ना', एवढंच. नवरा पेपर वाचतो ती त्याची विश्रांती, मी वही उघडली की तो माझा छंद! केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष होते शंभरात सुमारे सव्वीस. अशा वेळी बाईला 'वेळेचं नियोजन कर' म्हणून काय होणार? मुळात वेळ तिच्या वाट्याला येतो का, हा प्रश्न आहे.

बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकात आली. ज्यांच्या घरी टिपून घेणारं कुणी नव्हतं, अशा किती जणी असतील?

आजी गेल्यावर मी घरातल्या सगळ्या कामांची यादी करून भिंतीवर लावली आणि वाटणी केली. 'आईला मदत' हे शब्द त्यात ठेवले नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचे दोन तास माझे. पहिल्या आठवड्यात भात करपला, टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या. मी उठले नाही. सांगायला सोपं वाटतं, पण बसून राहताना पोटात कालवत होतं. तिसऱ्या आठवड्यात मुलाने न सांगता रोपांना पाणी घातलं. सगळं सुरळीत झालंय असं नाही; भांडणं अजून होतात.

लेख मात्र पुरा झाला. चार नावांच्या जागी चार मोकळ्या रेघा आहेत. त्या तशाच छापायला सांगितल्या आहेत.

माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या बैठकीत एक तास राखून ठेवू या. एकीने बोलायचं, दुसरीने लिहून घ्यायचं. लिहिता येत नाही म्हणणारीनेही यायचं, तिच्याकडे सांगण्यासारखं जास्तच असेल. आणि नावं सगळ्यात आधी विचारायची.