ग्रंथाचा धनी आणि ग्रंथाचा वाचक
(ग्रंथालयाच्या शताब्दी-समारंभातील भाषण)



शताब्दीच्या प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे आणि पुढील शतकासाठी शुभेच्छा द्याव्यात, असा शिरस्ता आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो यथोचित पाळला आहे. मी मात्र एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. कपाटात ग्रंथ असतो, दारात वाचक असतो आणि या दोघांच्या मध्ये कायदा उभा असतो. त्या कायद्याचे नाव प्रताधिकार. आपल्या नित्याच्या बोलण्यातला कॉपीराइट.

प्रारंभीच स्पष्ट करतो की लेखकाच्या हक्काला माझा विरोध नाही. मराठीत केवळ लेखणीवर प्रपंच चालवणारे किती, हे आपण जाणता. ज्याने घाम गाळला त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की हा हक्क कोठवर चालावा, आणि जेथे त्यातून लेखकाला कवडीही मिळत नाही तेथे त्याने विद्यार्थ्याची वाट का अडवावी?

आपला सध्याचा कायदा १९५७ सालचा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राखला होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, हे दिसताच ही मुदत साठ वर्षांवर नेण्यात आली. सानेगुरुजींचे निधन १९५० सालचे. म्हणून त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ रोजी सर्वांची झाली. ‘श्यामची आई’ आता कोणीही छापू शकतो. या मोकळिकीने गुरुजींचे मोठेपण उणावले काय? मुळीच नाही.

आता नकाशाच्या कडेला जाऊ. प्राणहितेच्या पश्चिमेस बेज्जूर हे गाव आहे. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ च्या फेररचनेपासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा महाराष्ट्राकडे आले, हा प्रदेश तिकडे राहिला. परंतु तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू यांची सरमिसळ काही सीमारेषेने थांबली नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमुरम भीम धारातीर्थी पडल्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांना या भागात पाठवले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत, कारण मराठी ही तेथील व्यवहाराची भाषा होती. आदिलाबादच्या गोंडांविषयी आस्थेने लिहिणारे आपले सेतुमाधवराव पगडी.

बेज्जूरच्या एखाद्या मुलीने आपल्याच लोकांच्या इतिहासावर प्रबंध लिहायचे ठरवले, असे समजा. त्या वाचनपुस्तकांवरील हक्क केव्हाच संपला आहे. पण हक्क संपणे आणि ग्रंथ हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पगडी १९९४ साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०५४ च्या अखेरीपर्यंत चालेल. त्यांच्या पिढीतील ज्या लेखकांचे एखादे पुस्तक बाजारात उरले नाही, प्रकाशनसंस्था मिटली, वारस कोठे आहेत ते ठाऊक नाही, त्या पुस्तकाचे काय? विकत मिळत नाही आणि प्रत काढायचीही चोरी! धनी बेपत्ता, आणि घराला मात्र कुलूप.

आपला कायदा निर्दय आहे असे मात्र नाही. कलम ५२ ने खाजगी अभ्यास व संशोधनासाठी वाजवी वापर मान्य केला आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी मजकुराची प्रत काढू शकतात. याच तरतुदीवर दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींचा खटला लढला गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. २०१६ साली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीची ही सवलत उचलून धरली आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयास भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर जवळच्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रतही ठेवता येते.

उणीव आहे ती नेमकी येथे. कायदा जपण्याची मुभा देतो, पोचवण्याची देत नाही. प्रत आपल्या ग्रंथालयात सुरक्षित राहील. बेज्जूरच्या मुलीने मात्र शेकडो मैलांचा प्रवास करून येथे यावे! बेपत्ता धन्याच्या ग्रंथासाठी परवाना मागण्याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे खरी. पण प्रत्येक पुस्तकासाठी अर्ज, जाहीर सूचना आणि सुनावणी हे लहान ग्रंथालयाला कसे झेपावे?

युरोपनेही हा पेच अनुभवला. तेथे हक्काची मुदत मृत्यूनंतर सत्तर वर्षे, आणि २००१ च्या निर्देशाने शिक्षण-संशोधनाच्या बहुतेक सवलती प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडल्या होत्या. २०१९ च्या नव्या निर्देशाने अध्यापन, संशोधन व जतन यांसाठीच्या काही सवलती सर्व सदस्य देशांना बंधनकारक केल्या. त्याहून मोलाची बाब ही की व्यापारातून बाद झालेले आपल्या संग्रहातील ग्रंथ विनानफा सर्वांसाठी खुले करण्याची वाट ग्रंथालयांना मिळाली. त्यासाठी सहा महिने आधी जाहीर नोंद करावी लागते आणि हक्कदाराला आपला ग्रंथ केव्हाही काढून घेता येतो. लेखकाचा मान राहतो, वाचकाचे कामही होते. ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण अशी तरतूद आपल्या कायद्यात यावी, ही मागणी ग्रंथालय संघांनी आणि साहित्य संस्थांनी एकमुखाने करावयास हवी.

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे मात्र कारण नाही. या शताब्दी वर्षात आपण तीन याद्या कराव्यात: हक्क संपलेल्या ग्रंथांची, बाजारातून नाहीशा झालेल्या ग्रंथांची आणि अप्रकाशित हस्तलिखितांची. पहिल्या यादीतील ग्रंथ आजच सर्वांना खुले करता येतील. दुसऱ्यातील ग्रंथांच्या प्रती काढून जपाव्यात आणि लेखकांच्या वारसांना पत्रे लिहावीत. माझी खात्री आहे की पुष्कळ वारस आनंदाने संमती देतील. तिसऱ्या यादीत, लेखक जाऊन साठ वर्षे लोटली असतील तर प्रकाशनासाठीही प्रत काढण्यास कायद्याची आडकाठी नाही.

ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी पै-पैसा जमवून ही कपाटे भरली, त्यांनी ती कुलपे मिरवण्यासाठी भरली नव्हती.