मुलांचा मधुमेह आणि समतेचा प्रश्न



पूज्य बाबासाहेबांना मधुमेहाचा त्रास होता, हे आपण जाणतो. आज मी बोलणार आहे तो मधुमेह निराळा, मुलांना होणारा. यात शरीरात इन्सुलिन तयार होणेच जवळजवळ बंद पडते. गोड खाण्याने तो होत नाही आणि जडीबुटीने जात नाही. रोज इन्सुलिन घेणे हाच आधार. १९२२ साली टोरंटोत ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलाला टोचले गेले. शोधकांनी पेटंटचा हक्क तेथील विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकला.

परंतु औषध सर्वांचे झाले काय? अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोऱ्या मुलांपैकी ६१ टक्के मुले इन्सुलिन पंप वापरत होती, तर काळ्या मुलांपैकी २६ टक्केच. दोन-तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या तपासणीचा सरासरी आकडा गोऱ्यांत ८.४, काळ्यांत ९.६ होता. यातला काही भाग रक्ताच्या गुणधर्माचा असतो, हे खरे. पण घरची सांपत्तिक स्थिती व शिक्षण जमेस धरूनही दरी बुजली नाही. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नाही. ‘यांना हे झेपणार नाही’ असे आधीच ठरवणारी नजरही तपासली पाहिजे. ती नजर आपल्या ओळखीची आहे.

आपल्या मुळशीत धरणाकाठच्या वाड्यांतून आणि कातकरी वस्त्यांतून भर पावसात दवाखाना गाठणे सोपे नाही. म्हणून लक्षणे आपणच ओळखावीत. मूल सारखे पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, वाळत जाते, तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या व धाप सुरू झाली तर जिवावर बेतते. तेव्हा भगताकडे वेळ दवडू नका. ताप आला, जेवण कमी झाले, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. मुलगी आहे, लग्न जमणार नाही, म्हणून आजार लपवू नका.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने १९९५ पासून गरीब मुलांना इन्सुलिन देण्याचे काम हाती घेतले. आपल्या संस्थेने निदान एवढे करावे: वस्तीतल्या अशा एकाही मुलाची कुपी पैशाअभावी रिकामी राहू देऊ नये.

भगवान बुद्धांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले. तो वारसा सांगणाऱ्यांनी तो चालवायलाही हवा.

जयभीम! नमो बुद्धाय!