आधी मुलाची खुशाली, मग निकाल



आपले मूल पुण्याला शिकायला निघाले, की आपण जेऊर स्टेशनापर्यंत पोहोचवायला जातो. डबा देतो, दुआ देतो. पुढे मात्र फोनवर एकच प्रश्न उरतो : "निकाल काय लागला?" घरातून प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलावर घराची अब्रू, कर्ज आणि आशा यांचे ओझे असते. मन खचले तरी ते "सब ठीक है" म्हणते.

सरकारी नोंदीनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते; हा आकडा सर्व राज्यांत अधिक आहे.

दोष नेहमी मुलाच्या मनाचाच असतो असेही नाही. आदिवासी तडवी मुस्लिम समाजातील डॉ. पायल तडवी यांचा 22 मे 2019 रोजी मुंबईत मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार कुटुंबाने केली. त्यांच्या आई आबेदा तडवी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, इतरांच्या मुलांसाठी. म्हणून मूल छळाविषयी बोलले, तर "सहन कर" म्हणू नका. त्याच्या पाठीशी उभे राहा, लेखी तक्रार करा.

झोप उडणे, जेवण तुटणे, मित्र टाळणे, ईदलाही घरी न येणे, "माझा काय उपयोग" असे बोलणे, ही लक्षणे ओळखा. त्यास "बाहेरचे" म्हणून लपवू नका. दुआ अवश्य करा, पण इलाजही करा. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मग मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात शरम कसली?

सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 25 जुलै 2025 चा आदेश आहे. प्रवेश घेतानाच त्याची चौकशी करा.

विद्यार्थी मित्रहो, नापास झालेला पेपर पुन्हा देता येतो. मन जड झाले तर एका तरी माणसाला सांगा. आणि पालकहो, आज रात्री फोन कराल तेव्हा निकालाचे विचारू नका. "बेटा, कसा आहेस?" एवढेच विचारा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.

खुदा हाफिज.