प्रवेशाच्या पुढची समता

वाराणसीत १८९८ साली सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन झाले. त्याच पायावर १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालय उभे राहिले. १९२९ मध्ये तेथे महिला महाविद्यालय आले. पुढे २००६ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के, तर २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्चशिक्षणात दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा मिळाल्या.

परंतु प्रवेश म्हणजे समावेश नव्हे. त्याची कसोटी वर्गातील भाषेत, वसतिगृहातील वागणुकीत आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. केवळ फलक लावून भागत नाही. तक्रार केल्यास गुण वा वसतिगृहातील जागा जाणार नाही, हा विश्वास विद्यार्थ्याला देणे, हेच प्राचार्यांचे खरे नेतृत्व होय.