फिलाडेल्फियाची जर्मन सोसायटी



परमुलखांत स्थायिक झालेल्या लोकांच्या मंडळांचा विषय निघाला म्हणजे उत्सव, नाटकें आणि स्नेहभोजनें हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. आज ज्या संस्थेची हकीकत सांगावयाची आहे, तिचा जन्म मात्र समारंभांत झाला नाहीं. तो बंदरावरील अनर्थांतून झाला. ही संस्था म्हणजे अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरची जर्मन सोसायटी.

अठराव्या शतकांत ऱ्हाइन नदीच्या कांठचे हजारों शेतकरी व कारागीर दारिद्र्याला आणि लढायांना कंटाळून पेन्सिल्व्हेनियाकडे निघाले. पुष्कळांपाशीं जहाजाचें भाडें नसे. त्यांना उधारीवर नेत, आणि उतरल्यावर जो कोणी तें भाडें चुकवील, त्याच्या घरीं त्यांनीं साधारणतः ३ ते ६ वर्षें राबावें असा करार होई. लहान मुलांना तर वयाचीं २१ वर्षें पुरीं होईपर्यंत सुटका नसे. नवराबायकोंपैकीं एकजण अर्ध्याहून अधिक प्रवास झाल्यावर दगावला, तर मागें राहिलेल्यानें दोघांचेंही भाडें फेडावें, असा दंडक होता. १७५० सालीं तिकडे गेलेल्या गॉटलीब मिटेलबर्गर नांवाच्या शाळामास्तरानें मायदेशीं परतल्यावर १७५६ मध्यें हें सारें छापून जगापुढें मांडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत आपल्या कोंकणांतून मॉरिशसला गेलेल्या गिरमिट्यांची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या करारांचें स्वरूप निराळें समजावून सांगावयास नको.

१७६४ च्या डिसेंबरची २६ वी तारीख, म्हणजे नाताळचा दुसरा दिवस. त्या दिवशीं लूथरपंथीयांच्या शाळेंत ६५ जर्मन गृहस्थ जमले व त्यांनीं ही सोसायटी स्थापन केली. पहिला अध्यक्ष झाला हाइनरिख केपेले हा व्यापारी. तो १७३८ सालीं ज्या जहाजानें आला, त्यावर त्याच्याच टिपणाप्रमाणें ३१२ आणि एक अर्धा इतके उतारू होते, व त्यांतील २५० वाटेंतच मरण पावले. हा अर्धा उतारू म्हणजे एक मूल. भाड्याच्या हिशेबांत मूल अर्धें धरीत असत. केपेले पुढें सुस्थितींत आला. ‘आपण तरलों, मागून येणाऱ्यांचें ते पाहून घेतील’ असें त्याला म्हणतां आलें असतें. तो तसें म्हणाला नाहीं, आणि येथेंच या संस्थेचें मर्म आहे.

शिवाय, ही मंडळी केवळ भाकरी आणि कांबळीं वांटून थांबली नाहींत. दुःखाचें मूळ कायद्याच्या उणिवेंत आहे हें ओळखून त्यांनीं प्रांताच्या विधिमंडळाकडे दाद मागितली. १७६५ च्या मे महिन्यांत नवा कायदा झाला. त्यानें प्रवाशांना जहाजावर पुरेशी जागा, वैद्य व औषधें यांची तरतूद केली. तपासणीच्या वेळीं जर्मन जाणणारा दुभाषी असावा असेंही ठरविलें. ज्याची भाषा कोणास कळत नाहीं, त्याची फिर्याद ऐकली जात नाहीं, हा अनुभव त्यामागें होता.

१७८१ सालीं संस्थेला सनद मिळाली. गरीब मुलांचें शिक्षण व ग्रंथालय हीं कार्येंही तींत अंतर्भूत होतीं. अमेरिकन प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापति फ्रेडरिक म्यूलेनबर्ग हा पुढें या सोसायटीचाही अध्यक्ष झाला. १८१७ मध्यें ग्रंथालय निघालें. परंतु वेळ कशी पाहा! पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८१८ त, सोसायटीच्या कामकाजाची भाषा इंग्रजी झाली. जुन्या कुटुंबांच्या नातवंडांना जर्मन परकी होऊं लागली होती. १८२० नंतर उधारीच्या प्रवासाची पद्धतही ओसरली. संस्था आपोआप मिटून जावी अशीच ती वेळ होती.

ती मिटली नाहीं. १८४८ ची क्रांति फसल्यावर जर्मनींतून शिकलेसवरलेले लोक मोठ्या संख्येनें आले, आणि १८५९ मध्यें जर्मन भाषा पुन्हां सभेंत परतली. १८८८ मध्यें स्प्रिंग गार्डन स्ट्रीटवर संस्थेची नवी वास्तु उभी राहिली, १९०० सालीं स्त्रियांची शाखा निघाली. ती वास्तु आजही उभी आहे, आणि तेथील ग्रंथसंग्रह पन्नास हजारांहून अधिक आहे.

यांतून मला एकच गोष्ट सुचते. परोपकार आणि संस्कृतिरक्षण हीं दोन वेगळालीं कामें आहेत असें आपण समजतों. फिलाडेल्फियांत तीं एकाच घरांत नांदलीं. जुन्या घराण्यांच्या अभिमानानें भाषा टिकली नसती; ती नवागतांच्या मुखानें परत आली, आणि त्यांना आंत यावयास दार उघडें होतें, म्हणून ती तेथें राहिली. दूरदेशीं मराठी मंडळें चालविणाऱ्यांनीं उत्सवाच्या जमाखर्चाबरोबर एवढेंही वर्षाकांठीं पाहावें, कीं काल गांवांत आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाला आपला पत्ता कोणीं सांगितला काय?