कराची बंदराचा मुलगा

कराची बंदराच्या मुखाशी मनोरा नावाचे बेट आहे. ॲडमिरल सरदारीलाल मथुरादास नंदा यांचे बालपण तेथे गेले. येणारी-जाणारी जहाजे हाच त्या बेटावरील मुलांचा नित्याचा देखावा. १९४१ मध्ये नंदा नौदलाच्या राखीव दलात दाखल झाले. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि ते बंदर परमुलुखात गेले. पुढे १९५७ मध्ये 'म्हैसूर' या क्रूझरचे ते पहिले कप्तान झाले. काही काळ माझगाव गोदीचा कारभारही त्यांनी पाहिला.

१९६५ च्या युद्धात नौदलाला मोकळीक मिळाली नव्हती. त्याची बोच अनेक अधिकाऱ्यांच्या मनात होती. १९७० मध्ये नौदलप्रमुख झालेल्या नंदा यांनी हा प्रश्न दैवावर सोडला नाही. युद्ध पेटल्यास कराचीवर हल्ला करण्यास राजकीय हरकत आहे काय, हे त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनाच विचारून घेतले. लढाईच्या योजनेपूर्वीच ही परवानगी मिळवणे हे त्यांचे खरे चातुर्य म्हटले पाहिजे.

हाती साधन होते ते सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रवाहू नौकांचे. या चपळ नौका मूळच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी. त्यांचा पल्ला तोकडा. मुंबईत त्या उतरवण्याजोगी अवजड यारी नव्हती, म्हणून त्या कलकत्त्यास उतरवून जहाजांमागे बांधून मुंबईस ओढत आणाव्या लागल्या. जी नौका अर्ध्या द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत आणता येते, तिला कराचीपर्यंत नेणे अशक्य कसे म्हणावे?

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या नौकांनी, 'किल्तान' व 'कच्छल' यांच्या सोबतीने, कराचीसमोर 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडवली. ८ तारखेच्या रात्री 'विनाश'ने पुन्हा मारा केला. केमारीच्या तेलसाठ्यांना आगी लागल्या. पूर्वेकडे, एका बॉयलरला तडा गेलेली 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात वापरण्याचा धोकाही नंदा यांनी पत्करला.

मात्र दुसऱ्याच रात्री, ९ डिसेंबरला, पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ 'खुकरी'ला जलसमाधी दिली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी बुडाले. विजयाच्या त्या आठवड्यात नौदलप्रमुखांच्या टेबलावर ही यादीही आली होती. १९७३ च्या फेब्रुवारीअखेर नंदा निवृत्त झाले.